पाऱ्याला बांधताना

जपानमध्ये मूल जन्मले की त्याच्या वाळलेल्या नाळेचा तुकडा लहानशा लाकडी डबीत घालतात आणि ती डबी आई वर्षानुवर्षे जपते. आपल्याकडे नाळ पुरतात, आणि जिथे ती पुरली त्या गावाशी माणूस कायमचा बांधला जातो असे म्हणतात. रीत वेगळी, भावना तीच. कुमामोतो विद्यापीठातले डॉक्टर हारादा मासाझुमि यांनी मिनामाता परिसरातल्या आयांकडे या डब्या मागितल्या. त्यांतल्या कितीतरी मुलांना बोलता येत नव्हते, मान धरता येत नव्हती, घास गिळता येत नव्हता. नाळा तपासल्या, तेव्हा त्यांत मेथिल पारा सापडला. गावातल्या कारखान्याचे उत्पादन ज्या वर्षांत चढत गेले, त्याच वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या नाळांत हे विषही चढत गेलेले दिसले. कोणत्याही सरकारी दप्तरात नसलेली नोंद आयांच्या पेटीत सापडली.

तोवर वैद्यकशास्त्राची समजूत अशी होती की गर्भाशयातली वार विषाला अडवते आणि बाळ सुरक्षित राहते. गावातला आजार खाडीतल्या माशांतून येत होता आणि या मुलांनी मासा चाखलाही नव्हता, म्हणून त्यांच्या आजाराला जन्मजात मेंदूचा पक्षाघात म्हटले जाई. आयांना मात्र शंका नव्हती. मासे आपण खाल्ले आणि बाधा पोटातल्या लेकराला झाली, हे त्या डॉक्टरांना सांगत होत्या. हारादा यांनी ते ऐकून घेतले आणि शोध तिथून पुढे गेला. १९६२ साली या मुलांचा आजार अधिकृतपणे मिनामाता रोग म्हणून मान्य झाला.

पाऱ्याविषयीच्या या पुस्तकाची प्रस्तावना त्या डबीपासून सुरू करण्याला कारण आहे. पुढच्या प्रकरणांत रसायनशास्त्र येईल, आकडे येतील, करारांची कलमे येतील. ती वाचताना एक गोष्ट मनात पक्की राहावी असे मला वाटते. पारा नष्ट होत नाही. तो मूलद्रव्य आहे. जाळला, पुरला, वितळवला, पाण्यात सोडला तरी तो पाराच राहतो. आपण त्याची फक्त जागा बदलू शकतो. गेल्या शतकात पाऱ्यापायी घडलेल्या बहुतेक अनर्थांच्या मुळाशी एकच चूक आहे. जागा बदलली, म्हणजे प्रश्न सुटला असे मानले गेले.

खोलीच्या तापमानाला द्रवरूप राहणारा हा एकमेव धातू. उणे ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास तो गोठतो, ३५७ अंशांजवळ उकळतो, आणि पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो. तापमापीमुळे तो घराघरांत पोचला आणि भाषेतही शिरला. संतापलेल्या माणसाचा पारा चढतो आणि समजूत घातली की उतरतो. सोन्याचांदीला तो आपल्यात सामावून घेतो, वीज वाहून नेतो, रासायनिक क्रियांना गती देतो. माणसाने हजारो वर्षे त्याला जवळ केले ते या गुणांमुळे. त्याचे विषारीपण मात्र तो कोणत्या रूपात आहे यावर ठरते.

धातुरूप पारा चुकून गिळला तर बव्हंशी शरीराबाहेर पडतो. त्याची वाफ श्वासावाटे गेली तर ती फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. पाऱ्याचे क्षार मूत्रपिंडांवर घाव घालतात. सर्वांत घातक रूप सेंद्रिय पाऱ्याचे, म्हणजे मेथिल पाऱ्याचे. ते बहुतांशी निसर्गातच तयार होते. नदी, तळे, खाडी, समुद्र यांच्या तळाशी, जिथे प्राणवायू पोचत नाही अशा गाळात, काही जिवाणू अजैव पाऱ्याचे मेथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे काम सजीव करतात याचा प्रायोगिक पुरावा १९६०च्या दशकाच्या अखेरीस मिळाला. त्यासाठी लागणारी जनुकांची जोडी मात्र २०१३ साली ओळखता आली.

गाळातून मेथिल पारा प्लवकांत जातो, प्लवकांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्यांत. प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते, कारण खाणारा पुष्कळ खातो आणि विष फार हळू बाहेर टाकतो. पाण्यात ज्याचा मागमूस लागणे कठीण, ते मोठ्या शिकारी माशाच्या अंगात लाखो पटींनी साचलेले असते. ते चरबीत नसते, मांसातल्या प्रथिनांना चिकटलेले असते. म्हणून मासा कितीही स्वच्छ केला, मीठ-हळद लावून तळला, आंबट घालून उकळला, तरी पारा तसाच राहतो. माणसाच्या शरीरात गेलेल्या मेथिल पाऱ्यापैकी अर्धा बाहेर पडायला साधारण ५० ते ७० दिवस लागतात. तेवढ्यात पुढचा घास येतो. प्रथिनांच्या एका घटकाशी जोडी जमवून तो शरीराला आपल्यातलाच वाटतो, आणि एरवी बंद असणारे मेंदूचे दार त्याला उघडते. वारही त्याला याच मार्गाने आत घेते.

मिनामातामध्ये जे घडले ते एका ओळीत सांगितले जाते: कारखान्याने समुद्रात विष सोडले आणि माणसे मेली. खरी शिकवण तपशिलात आहे, म्हणून थोडे थांबून तो पाहायला हवा. क्यूशू बेटावरच्या या गावात चिस्सो कंपनी १९३२पासून ॲसिटाल्डिहाइड बनवत होती. त्यासाठी पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून लागे, आणि त्या क्रियेत मेथिल पारा तयार होऊन सांडपाण्यातून खाडीत जाई. गावाची रोजीरोटी कंपनीवर आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांची समुद्रावर. १९५०च्या दशकात तिथली मांजरे वेडीवाकडी उड्या मारत समुद्रात पडू लागली, कावळे उडता उडता कोसळू लागले. मग माणसांचे हातपाय बधिर झाले, नजरेचा परीघ आक्रसला, बोलणे अडखळले. १ मे १९५६ रोजी कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी आरोग्य केंद्राला कळवले की मज्जासंस्थेचा एक अनाकलनीय आजार पसरत आहे.

यानंतरची तीन वर्षे फार महत्त्वाची. १९५८ साली कंपनीने सांडपाण्याची वाट बंदराकडून वळवून नदीच्या मुखाकडे नेली. तिथून ते विष साऱ्या शिरानुई समुद्रात पसरले आणि पूर्वी जिथे कोणी आजारी नव्हते त्या गावांत रुग्ण दिसू लागले. जागा बदलून प्रश्न सोडवण्याचा याहून धडधडीत दाखला क्वचितच सापडेल. १९५९च्या जुलैमध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी मांजराला अन्नातून दिले. चारशेव्या क्रमांकाच्या त्या मांजरात आजाराची सारी लक्षणे उमटली. कंपनीने तो निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. डिसेंबरात मोठा समारंभ करून सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा सुरू झाली. पारा काढून टाकण्यासाठी ती बांधलेलीच नव्हती. वर्षाच्या अखेरीस रुग्णांच्या कुटुंबांना सांत्वनाची रक्कम देऊन करार करून घेतला गेला, आणि पुढे कारखाना दोषी ठरला तरी आणखी भरपाई मागणार नाही, असे कलम त्यात घातले गेले. १९७३ साली न्यायालयाने तो करार लोकनीतीविरुद्ध ठरवून रद्द केला.

सरकारने आजाराचे कारण मान्य केले ते २६ सप्टेंबर १९६८ रोजी. पहिली नोंद झाल्याला तेव्हा बारा वर्षे उलटली होती, आणि पाऱ्याचा उपयोग करणारे ते उत्पादन त्याच वर्षी मे महिन्यात बंद झाले होते. मधल्या काळात, १९६५ साली, नीगाता प्रांतात आगानो नदीच्या काठी दुसऱ्या एका कंपनीच्या अशाच कारखान्याने तोच रोग पुन्हा आणला. बारा वर्षे वाया गेली ती ज्ञानाच्या अभावामुळे गेली असे म्हणता येत नाही. मांजर क्रमांक ४०० कंपनीच्या आवारातच होते. होसोकावा यांनी पुढे १९७० साली, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना, न्यायालयापुढे साक्ष दिली. इशिमुरे मिचिको यांनी रुग्णांचे जगणे शब्दांत मांडले, यूजीन आणि आयलीन स्मिथ यांनी ते छायाचित्रांतून जगापुढे ठेवले. विज्ञानाला जे पोचवता आले नाही ते साक्षीने, साहित्याने आणि कलेने पोचवले. धोरण घडण्यासाठी हे सगळे लागते.

भाषेचे महत्त्व तर इराकमध्ये प्राण देऊन कळले. १९७१च्या अखेरीस तिथल्या शेतकऱ्यांना पेरणीसाठी गहू-सातूचे आयात बियाणे वाटले गेले. बुरशी लागू नये म्हणून त्याला मेथिल पाऱ्याचे औषध चोळले होते आणि ओळखू यावे म्हणून गुलाबी रंग दिला होता. पोत्यांवर धोक्याच्या सूचना होत्या, पण स्पॅनिश आणि इंग्रजीत. बियाणे पोचले तेव्हा अनेक ठिकाणी पेरणी आटोपली होती, घरात धान्य कमी होते. बायकांनी दाणे धुतले. रंग गेला, पारा राहिला. त्याच्या भाकऱ्या झाल्या. रुग्णालयांत ६,५३० माणसे दाखल झाली आणि तिथे ४५९ दगावली. वाचता न येणारी सूचना ही सूचनाच नसते. पाऱ्याचे शास्त्र आणि त्याचे राजकारण मराठीत सविस्तर यावे, असे मला इतक्या तळमळीने वाटते त्यामागे ही पोती आहेत.

मिनामाता आणि इराक इथले विष ढोबळ होते. कारखाना दाखवता येत होता, पोते दाखवता येत होते. आज जगापुढे जो प्रश्न आहे तो विरळ, दूरवर पसरलेल्या आणि मालक नसलेल्या पाऱ्याचा आहे. वाफेच्या रूपात हवेत गेलेला पारा महिनोन्‌महिने तिथे राहतो आणि पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो. मग तो पावसाबरोबर, धुळीबरोबर किंवा झाडांच्या पानांतून खाली उतरतो, आणि त्यातला काही पुन्हा वाफ होऊन वर जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८चे जागतिक पारा मूल्यांकन प्रसिद्ध केले. त्यानुसार २०१५ साली माणसाच्या उद्योगांतून सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला, आणि आजच्या वातावरणातला पारा नैसर्गिक पातळीपेक्षा साधारण ४५० टक्क्यांनी जास्त आहे. एकदा जमिनीबाहेर आलेला पारा शतकानुशतके असा हवा, माती आणि पाणी यांच्यामध्ये येरझारा घालतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश वसाहतवाल्यांनी चांदी काढण्यासाठी जो वापरला, त्याचाही अंश आजच्या फेऱ्यात आहे. पेरूमधल्या वानकावेलिका इथल्या पाऱ्याच्या खाणीला तिथले लोक मृत्यूची खाण म्हणत. तिथे राबायला धाडलेल्या आदिवासींचे ऋण आपल्या हवेत अजून तरंगते आहे.

या प्रवासामुळे सर्वांत निरपराध माणसांना मोठी किंमत मोजावी लागते. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर पारा वापरणारा मोठा कारखाना नाही. तिथले लोक परंपरेने पायलट व्हेल खातात, आणि व्हेल समुद्रातल्या अन्नसाखळीच्या टोकाला असतो. १९८६-८७मध्ये तिथे जन्मलेल्या हजाराहून अधिक बाळांच्या नाळेतले रक्त फिलिप ग्रँजाँ आणि पाल वाइहे यांच्या गटाने तपासले. पुन्हा नाळच. मुले सात वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या नाळेत पारा अधिक होता, त्यांची भाषा, अवधान आणि स्मरण यांत थोडी घट दिसली. मूल आजारी दिसत नव्हते, शाळेत जात होते, पण जितके उमलायचे तितके उमलले नव्हते. सेशेल्स बेटांवर, जिथे लोक सागरी मासा रोज खातात, तशाच अभ्यासात असा स्पष्ट तोटा आढळला नाही. माशातल्या पोषक द्रव्यांचा लाभ तिथे वरचढ ठरला असावा. या दोन अभ्यासांत वरवर विरोध दिसतो. खरे तर दोन्ही मिळून सांगतात की कोणता मासा, किती आणि कोणत्या वयात, याला महत्त्व आहे. २००८ साली फॅरोच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी, व्हेलचे मांस यापुढे माणसाने खाऊ नये, असा सल्ला आपल्याच लोकांना दिला. दुसऱ्यांच्या चिमण्यांनी त्यांच्या ताटातला पिढीजात घास हिरावला.

मराठी वाचकाच्या मनात इथे बाजारातल्या माशाचा प्रश्न येईलच. मासे सोडून द्या असे विज्ञान सांगत नाही. तारली, मांदेली, बोंबील, बांगडा हे अल्पायुषी किंवा अन्नसाखळीत खालच्या पायरीवरचे मासे. त्यांत पारा सहसा कमी असतो आणि पोषण भरपूर. मुशी, मोठा कुपा, तलवार मासा असे मोठे आणि दीर्घायुषी शिकारी मासे गरोदर बाईने आणि लहान मुलांनी टाळावेत किंवा क्वचित खावेत. खाडी कुठली हेही पाहावे लागते. कल्याण-ठाणे पट्ट्यातल्या उल्हास नदीच्या खाडीला पाऱ्याचे विद्युतघट वापरणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या कारखानदारीचा त्रास झाला. तिच्या गाळातला पारा मोजण्याचे काम गोव्यात दोना पावला इथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केले. हा पारा खडकात नसतो, गाळात असतो. कारखाना थांबला तरी गाळ तिथेच राहतो.

आता जगभरच्या उगमांकडे पाहू. हवेत जाणाऱ्या पाऱ्यात सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३८ टक्के, सोन्याच्या लहान खाणींचा. आपल्याकडे झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर धुऊन सोन्याचे कण शोधतात. ॲमेझॉनच्या नद्यांकाठी, घानाच्या खेड्यांत, इंडोनेशियाच्या डोंगरांत लाखो माणसे याच चिकाटीने माती धुतात, फक्त कण पकडायला त्यांच्या हाती पारा असतो. पारा सोन्याला धरतो, गोळा बनतो, आणि तो गोळा तव्यावर किंवा उघड्या विस्तवावर तापवला की पारा उडून जातो व सोने उरते. पुष्कळदा हे स्वयंपाकघरातच चालते, शेजारी मूल खेळत असताना. सत्तरहून अधिक देशांत असे काम चालते. या माणसांना गुन्हेगार म्हणून हाकलल्याने ती जंगलात आणखी आत जातात आणि पाराही त्यांच्याबरोबर आत जातो. त्यांना वाफ अडवणारे साधे बंद भांडे हवे, पाऱ्याविना सोने वेगळे करायच्या पद्धती हव्यात, कायदेशीर परवाना हवा आणि सोन्याला रास्त भाव हवा. सोने घेणाऱ्या समाजांची जबाबदारी इथे फार मोठी आहे, आणि लग्नकार्यात तोळ्यांचा हिशोब करणारे आपण त्यात आहोत.

दुसरा मोठा उगम कोळशाचा. कोळशात पारा अगदी लेशमात्र असतो, पण भट्टीत रोज हजारो टन जळतात तेव्हा त्या लेशाचे ओझे होते. भट्टीत तो वाफ बनतो. त्यातला काही राखेला चिकटतो, काही धुराबरोबर चिमणीतून निसटतो. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र सबंध महाराष्ट्राला वीज पुरवते, आणि त्याची राख व धूर मात्र चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५मध्ये औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यासाठी घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा पहिल्यांदा घातली. हे पाऊल योग्य होते. त्याबरोबरच्या प्रदूषण-नियंत्रणाच्या मुदती मात्र वारंवार पुढे ढकलल्या गेल्या. शिवाय धुरातून पकडलेला पारा राखेत आणि गाळात साठतो. ती राख सिमेंटच्या भट्टीत कच्चा माल म्हणून गेली तर उष्णतेने पारा पुन्हा हवेत. म्हणून चिमणीवर यंत्र बसवण्याचा निर्णय अपुरा आहे. पकडलेल्या पाऱ्याचे पुढे काय होणार हे त्याच कागदावर लिहिलेले असायला हवे.

जागा बदलण्याच्या या सवयीचा भारतातला सर्वांत वेदनादायक अध्याय कोडाईकनालचा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउन इथला तापमापीचा कारखाना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या या डोंगरगावात आणला गेला. पुढे मालकी युनिलिव्हर समूहाकडे आली. जिथे तो उभा होता त्या कड्याखाली पांबर शोला हे घनदाट वन आहे. २००१च्या मार्चमध्ये गावातल्या भंगाराच्या दुकानात पारा लागलेल्या फुटक्या काचांचा ढीग नागरिकांना आणि माजी कामगारांना सापडला आणि कारखाना बंद पडला. २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला परत धाडण्यात आला. विषारी कचरा गरीब देशाकडून श्रीमंत देशाकडे परत जाण्याची ही विरळ घटना. कामगारांना मात्र २०१६पर्यंत थांबावे लागले, तेव्हा ५९१ माजी कामगारांशी कंपनीने तडजोड केली. मातीत किती पारा राहू द्यायचा, यावरचा वाद त्यानंतरही चालू राहिला. किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा ठरली. श्रीमंत देशांत तुम्ही इतका राहू द्याल का, असा तिथल्या कार्यकर्त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न न्यायाचा आहे आणि विज्ञानाचाही.

घरातही पारा येतो, आणि तो सौंदर्याच्या नावाने येतो. गोरे करणाऱ्या काही बेनामी मलमांत पारा असतो, कारण तो त्वचेतले रंगद्रव्य तयार होऊ देत नाही. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी अशा मलमांमुळे मूत्रपिंडे बिघडलेल्या रुग्णांच्या नोंदी गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध केल्या. रंगाविषयीचा आपला जुना न्यूनगंड या विषाला गिऱ्हाईक मिळवून देतो. मुलींना त्या न्यूनगंडापासून सोडवणे हेसुद्धा पाराविरोधी काम आहे.

या सगळ्याला एकत्र बांधणारा जागतिक करार जानेवारी २०१३मध्ये जिनिव्हात ठरला आणि १० ऑक्टोबर २०१३ रोजी कुमामोतो इथे सह्यांसाठी खुला झाला. त्याला मिनामाता करार हे नाव आहे. त्या नावात ज्यांची मुले गेली त्यांची आठवण आहे. तो १६ ऑगस्ट २०१७पासून लागू झाला. भारताने २०१४ साली सही केली आणि जून २०१८मध्ये त्याला मान्यता दिली. करार पाऱ्याचा सबंध जीवनमार्ग धरतो: खाण, व्यापार, वस्तू, कारखाने, धूर, सांडपाणी, साठवण, कचरा. नव्या पारा-खाणींना बंदी आहे आणि जुन्या खाणींना पंधरा वर्षांची मुदत. बॅटऱ्या, तापमापी, रक्तदाबमापी, पारायुक्त सौंदर्यप्रसाधने अशा अनेक वस्तूंचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२०नंतर थांबवायचे ठरले. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतले पाऱ्याचे विद्युतघट २०२५पर्यंत जायचे होते. भारतातल्या कारखान्यांनी पाऱ्याऐवजी पडदा वापरणारी नवी पद्धत बरीच आधी स्वीकारली, ही अभिमानाची गोष्ट आहे. २०२३च्या परिषदेत ट्यूबलाइटसारख्या फ्लुरोसेंट दिव्यांनाही २०२७पर्यंत निरोप द्यायचे ठरले.

कराराच्या मर्यादाही वाचकाने ओळखाव्यात. सोन्याच्या लहान खाणींतला पारा कमी करायचा आणि शक्य तिथे संपवायचा, एवढेच तो सांगतो. तारीख देत नाही. कोळशाच्या धुरासाठी जागतिक मर्यादा नाही, उपलब्ध उत्तम तंत्र वापरण्याचे बंधन आहे. आधीच दूषित झालेल्या जागा साफ करण्याची सक्ती नाही. तरीही ज्या विषयावर पन्नास वर्षे देश एकमेकांकडे बोट दाखवत होते, तिथे आज एक सामायिक पट्टी आहे. तिने सरकारला मोजता येते, आणि सरकारला मोजणारे नागरिकही त्यामुळे तयार होतात. चंद्रपूरच्या चिमणीतून किती पारा गेला, खाडीतल्या गाळात किती उरला, हे आकडे गावाच्या भाषेत, गावाच्या फलकावर लागावेत, ही मागणी आपण या कराराच्या आधाराने करू शकतो.

शेवटी पुन्हा पाऱ्याच्या स्वभावाकडे. आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथकारांना पारा चंचल वाटला, आणि त्याला बद्ध करणे ही त्यांनी साधना मानली. पाऱ्याला बांधण्याचे अनेक प्रकार त्यांनी वर्णिले. गंधकाबरोबर खलून केलेली काळी कज्जली ही त्या विद्येतली पायाभूत कृती. औषध म्हणून तिचा विचार वेगळ्या, काटेकोर कसोट्यांवर व्हायला हवा आणि तो या पुस्तकाचा विषय नाही. माझे लक्ष तिच्या रसायनाकडे आहे. कज्जली म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. आज वापरातून काढलेला पारा कायमचा ठेवण्यासाठी घातक कचऱ्याविषयीच्या बासेल कराराची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे जो मार्ग सांगतात तो हाच आहे: पाऱ्याला गंधकाशी जोडून अविद्राव्य सल्फाइड करायचे आणि मग ते खास बांधलेल्या जागेत किंवा खोल जमिनीखाली ठेवायचे.

आणि खाणीतून तो पहिल्यांदा काढला तेव्हा कोणत्या रूपात होता? लालभडक हिंगूळाच्या रूपात, म्हणजे गंधकाशी बांधलेलाच. स्पेनमधल्या अल्मादेनच्या खाणीने दोन हजार वर्षांहून अधिक काळ हिंगूळ दिला आणि माणसाने वापरलेल्या एकूण पाऱ्यापैकी तिसरा हिस्सा तिथून आला असे मानतात. या शतकाच्या आरंभी ती खाण थांबली. २०१२पासून स्लोव्हेनियातल्या इद्रियाच्या खाणीसह ती जागतिक वारशात आहे. पृथ्वीने गंधकाच्या गाठीत बांधून ठेवलेला धातू आपण भट्टीत सोडवला, जगभर नेला, आणि आता तीच गाठ पुन्हा मारण्याची वेळ आली आहे. मिनामाताच्या लोकांना हे कधीच उमगले. १९७७ ते १९९० या काळात तिथल्या खाडीतला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून ५८ हेक्टरांचा भराव केला गेला. त्यावर आज हिरवळ आणि झाडे आहेत. खाली पारा आहे, आणि बांधाची देखभाल पुढच्या पिढ्यांनाही करावी लागणार आहे.

ती देखभाल आपल्यालाही करायची आहे, चंद्रपूरच्या राखेच्या तळ्यांवर, उल्हासच्या गाळावर, घरातल्या जुन्या ट्यूबलाइटवर. पुढची प्रकरणे त्यासाठी लागणारे ज्ञान देतील. ते वाचताना ती लाकडी डबी जवळ असू द्या. एका आईने जपलेल्या नाळेने जगाला सांगितले की विष कुठे पोचते. आपल्या बाळांच्या नाळेत काय पोचेल हे आज आपण राख कुठे टाकतो, सोने कोणाचे घेतो आणि कोणता आकडा मागतो यावर ठरते आहे.